सरबते आणि समीक्षा

मराठीत जिची समीक्षा झाली नाही अशी वस्तू शोधून काढणे कठीण आहे. कवितेची समीक्षा आहे, कादंबरीची आहे, समीक्षेचीही समीक्षा आहे आणि ती वाचूनही ज्यांना झोप लागली नाही त्यांच्यासाठी चर्चासत्रे आहेत. पण चैत्र-वैशाखात आमच्या पार्ल्यात घरोघरी रोज दुपारी जी निर्मिती होते, तिचा आस्वाद घरातली लहानथोर मंडळी एकाच वेळी घेतात आणि पेला खाली ठेवायच्या आत "साखर जरा पुढे आलीय हो" असा अभिप्रायही देतात. त्या सरबतांकडे मात्र आमच्या समीक्षकांनी ढुंकूनही पाहिलेले नाही.

वास्तविक विलेपार्ले हे समीक्षकांचेच गाव. १९२३ साली इथे लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. तेव्हापासून पार्लेकर व्याख्याने ऐकतो आहे, आणि व्याख्यानाहून परतल्यावर चपला काढायच्या आधी वक्त्याचे कुठे चुकले ते घरच्यांना सांगतो आहे. अशा गावात लिंबाच्या सरबतावर एक साधे परीक्षण असू नये, ही गोष्ट मला बरी वाटत नाही. म्हणून हे काम मी स्वतःच अंगावर घेतले आहे. पात्रता विचाराल तर साठेक उन्हाळ्यांचा सलग आस्वाद. प्राध्यापकी करायला याहून कमी अनुभव पुरतो.

आता तुम्ही म्हणाल, सरबत आणि समीक्षा? ही काय थट्टा आहे? तर थट्टेची सुरुवात मी केलेली नाही. भरतमुनींनी केली आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा मुनी थेट स्वयंपाकघरात शिरले. गूळ वगैरे द्रव्ये, व्यंजने आणि वनस्पती एकत्र आल्या म्हणजे जसे आंबटगोड रस तयार होतात, तसाच नाटकातला रस, असे त्यांनी सांगितले. पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाशात 'पानकरसन्याय' वापरला. चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात तोच दाखला घेऊन खांडसाखर आणि मिरी यांचे नावही घातले. पानक म्हणजे आपले पन्हेच की! म्हणजे आमची सगळी समीक्षा मुळात सरबताकडून उसनी आणलेली आहे. मी फक्त ते उसने आज परत करतो आहे. मुद्दल तेवढे, व्याज द्यायची ऐपत नाही.

या न्यायाचा अर्थ साधा आहे. साखर वेगळी, मिरी वेगळी, आंबट वेगळे. पण एकत्र आल्यावर जी चव येते ती यांपैकी एकाचीही नसते. पिणाऱ्याने एकेक जिन्नस ओळखत बसू नये, पण एक जरी कमी पडला तरी त्याला चुकल्याचुकल्यासारखे व्हावे. ही कसोटी हातात घेऊन आपण आता एकेक पेला उचलू.

सुरुवात लिंबाच्या सरबताने. हा सर्वांत सोपा प्रकार असा समज आहे, आणि म्हणूनच यात सर्वांत जास्त लोक नापास होतात. लिंबू, साखर, मीठ आणि पाणी. चार पात्रांचे नाटक. पण साखर ही थंड पाण्यात फार आळशी असते. बर्फ आधी घालून मग साखर टाकली की ती तळाशी जाऊन बसते. पाहुणा बिचारा पाऊण पेलाभर शोकांतिका पितो आणि शेवटच्या दोन घोटांत एकदम पाक! असले सुखान्त शेवट पूर्वी मराठी चित्रपटांत असत. आधी साध्या पाण्यात साखर पूर्ण विरघळवावी, मग लिंबू, मग मीठ आणि बर्फ सगळ्यांत शेवटी. दुसरा दोष लिंबू पिळण्याचा. काही जण लिंबाशी जुने वैर असल्यासारखे ते पिळतात. सालीतला कडवटपणाही पेल्यात उतरतो आणि वर "मी रस अजिबात वाया घालवत नाही" हे ऐकावे लागते. लेखकालाही कुठे थांबावे हे कळले पाहिजे. लिंबाचे तेच.

खरी गोम आहे ती मिठात. मीठ आहे हे कळता कामा नये, पण नसले तर कळले पाहिजे. पानकरसन्याय यालाच म्हणतात. माझी आई हे चिमूटभर मीठ "चव यायला" म्हणून घालायची. पण आपल्या आतड्यांना मीठ आणि साखर एकत्र मिळाली की ती पाणी अधिक चांगले शोषून घेतात, हे शास्त्रज्ञांना नीट उमगायला १९६० चे दशक उजाडावे लागले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायची सलाईन संपत आली होती. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. १९७८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने हा शोध बहुधा शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल असे म्हटले. त्याचे घरगुती प्रमाण आहे एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आपले सरबत याहून खूप गोड असते, तेव्हा त्याला औषध म्हणू नये. पण नाते जवळचे आहे. गरिबाघरची मुलगी शिकून डॉक्टर व्हावी, तसे हे पाणी मोठे झाले.

कोकमाचे सरबत हे प्रादेशिक साहित्य. त्याची भाषा कळायला कोकणात एखादी तरी आत्या किंवा मावशी असावी लागते. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात. पावसाने गाठायच्या आत ते फोडायचे, साली साखरेत घालून उन्हात मुरवायच्या आणि तो लालभडक रस बाटल्यांत भरायचा. मग त्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून एस. टी. च्या टपावरून पार्ल्याला येत. वाटेत एखादी फुटली तर बाकीच्या आंब्यांच्या पेटीवर तिची खूण कायमची राही. एकाला चार-पाच पट पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पुन्हा तेच चिमूटभर मीठ. रंग असा की नुसता पेला समोर आला तरी अर्धी तहान भागावी. काचेच्या पेल्यातच द्यावे असे सरबत हे एकच. स्टीलच्या पेल्यात ते देणे म्हणजे नटीला बुरख्यात उभे करण्यासारखे आहे.

मात्र कोकमात एक धोका आहे. कोकमाच्या सरबताची बाटली आणि आगळाची बाटली या दिसायला सख्ख्या बहिणी. पण आगळ म्हणजे मीठ घालून ठेवलेला रस, तो सोलकढीसाठी. पुण्याहून आलेल्या माझ्या एका भाच्याने उत्साहाच्या भरात आगळात पाणी आणि चार चमचे साखर घालून घरातल्या सगळ्यांना पेले भरून दिले. पहिला घोट घेऊन आमच्या तात्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छान. पण हे पिऊन पोहता येईल असं वाटतंय." त्यानंतर त्या बाटलीवर 'सरबत नव्हे' अशी चिठ्ठी लागली. या चिठ्ठीला मी आजवरची सर्वांत नेमकी समीक्षा मानतो. दोन शब्दांत साहित्यप्रकार स्पष्ट.

ताकाला मी या परीक्षणातून वगळले आहे. ताक हे सरबत नव्हे, तो जेवणाचा उपसंहार आहे.

आता पन्हे. इथे जरा सावरून बसावे, कारण हे महाकाव्य आहे. चैत्रात गौर झोपाळ्यावर बसली की तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरोघरी हळदीकुंकू. आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हे. एकाच बाईने एका संध्याकाळी सहा घरांची सहा पन्ही प्यायची आणि रात्री घरी येऊन त्यांचा तौलनिक अभ्यास मांडायचा. असा परीक्षक आमच्या कुठल्या साहित्य पुरस्काराला मिळाला आहे? पन्ह्यात दोन घराणी आहेत. एक उकडलेल्या कैरीचे, दुसरे कच्च्या कैरीचे. उकडलेलीवाले कच्चीवाल्यांना उथळ समजतात, आणि कच्चीवाले उकडलेलीवाल्यांना जुनाट. शिवाय प्रत्येक घराण्यात गूळपंथी आणि साखरपंथी असे दोन पोटभेद. गुळाने रंग मातकट होतो पण चवीला खोली येते. साखरेने रूप उजळते, पण काहीतरी हातचे सुटते. माझे मत गुळाला. वेलदोडा हवा, पण ओठांवर रेंगाळण्याइतकाच. केशराच्या दोन काड्या घातल्या तर वाईट नाही, मात्र त्या घातल्याचे यजमानीणबाईंनी तीनदा सांगू नये.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक काकू होत्या. इमारत हल्लीची, त्याआधी तिथे दुमजली घर होते आणि मागे कैरीचे झाड. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या ज्याच्या हाती लागतील त्याच्या, पण पन्हे मात्र काकूंचे. त्यांची नात अमेरिकेत शिकायला गेली आणि तिथून तिने फोनवर प्रमाण विचारले. मी तेव्हा काही कामासाठी तिथेच बसलो होतो.

"आजी, एक कप गराला गूळ किती?"

"कैरी कशी आहे त्यावर."

"आंबट आहे."

"अगं, कैरी आंबटच असते. किती आंबट?"

याला तिकडून उत्तर आले नाही. आंबटपणा मोजायचा चमचा अमेरिकेतही मिळत नसावा. मग काकू म्हणाल्या, "हे बघ, गराच्या दुप्पट गूळ घेऊन ठेव. सगळा घालू नकोस. घालत जा, चाखत जा. आणि माणसं किती आहात?"

"चौघी."

"मग पाच पेले कर."

"पाचवा कुणाला?"

"येईल ना कुणीतरी!" काकू म्हणाल्या, आणि नातीला एवढेही कळू नये याचे त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेले दिसले.

हा पाचवा पेला लक्षात ठेवा. मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे. तोवर थंडाव्याकडे वळू.

पन्ह्याला माठातले पाणी की फ्रिजमधले, हा वाद मुंबईत निरर्थक आहे. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. नागपूरच्या कोरड्या उन्हात हे काम झपाट्याने होते, म्हणून तिथला माठ दात शिवशिवतील असे पाणी देतो. आमच्या पार्ल्यात हवेलाच एवढा घाम आलेला असतो की माठातल्या पाण्याने उडून जायचे कुठे? तरी आम्ही माठ ठेवतो. वाळ्याची जुडी टाकली की निदान वास तरी थंड येतो. बर्फाची गोष्ट वेगळी. माझ्या लहानपणी अख्ख्या इमारतीत एकच फ्रिज होता. पाहुणे आले की मला वाटी देऊन तिकडे पिटाळत. चार खडे मिळत आणि त्याबरोबर "कोण आलंय?" हा प्रश्न. दहा मिनिटांनी त्या फ्रिजवाल्या काकू स्वतःच येत, आणि त्यांच्यासाठी आणखी एक पेला करावा लागे. बर्फाचे असे भाडे असे.

आणि आता बाटली. या विषयावर पार्लेकराला तटस्थ राहणे अवघड आहे, कारण बाटलीवरचे नाव आमच्याच गावाचे. १९२९ साली चौहान कुटुंबाने इथे गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला आणि गावाचेच नाव लावले. पुढे बिस्किटे आली. स्टेशन आले हे डोळे मिटून बसलेल्या प्रवाशालाही भाजल्या बिस्किटांच्या वासाने कळू लागले. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला. आता पार्ले आले हे इतर स्टेशनांप्रमाणे कान देऊन ऐकावे लागते. त्याच घराण्याने गोल्ड स्पॉट काढले. १९७७ साली कोकाकोलाने देश सोडला, त्याच वर्षी थम्स अप आले. आणि १९९३ मध्ये परत आलेल्या कोकाकोलानेच ही सगळी पेये विकत घेतली. एखाद्या कादंबरीला शोभेल असे हे कथानक आहे. गंमत अशी की आमच्या गावाचे नाव घेऊन बाटल्या देशभर हिंडत होत्या, तेव्हा आमच्या घरात मात्र त्यांना प्रवेश नव्हता. गोल्ड स्पॉट प्यायचे ते लग्नात किंवा नाटकाच्या मध्यंतरात, आणि तेही दोघांत एक, दोन नळ्या घालून.

समीक्षकाने न्यायी असावे. बाटलीतले पेय वाईट असते असे मी म्हणणार नाही. त्याचा गुण असा की ते काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकसारखे लागते; आणि दोषही तोच. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. आमच्या काकूंनी एका पेल्यात सात चमचे साखर घातली असती तर सोसायटीची सभा बोलवावी लागली असती. पण बाटलीतली साखर कुणी घालताना दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर टीका कशी करणार?

पुडीतल्या सरबतांबद्दल मात्र माझ्या मनात ममत्व आहे. १९८० च्या दशकात पाच रुपयांच्या रसनाच्या खोक्यात बत्तीस पेले होत, असा जाहिरातीचा दावा होता. पाणी वाढवत वाढवत छत्तीसपर्यंत नेणारी घरे पार्ल्यात होती. संत्र्याशी त्या रंगाचा संबंध दूरच्या भावकीइतकाच. पण मुलांना स्वतःच्या हाताने ढवळता आलेले हे पहिले सरबत. अनेकांची कारकीर्द अनुवादाने सुरू होते, त्यातलाच हा प्रकार.

आता त्या पाचव्या पेल्याकडे येतो. घरगुती सरबत चांगले कशामुळे होते, याचा मी पुष्कळ विचार केला. कैरी बाजारात सगळ्यांना सारखीच मिळते. गूळही मिळतो. कृती आता कुणालाही बसल्या जागी सापडते. तरी चव हरवल्याची तक्रार घरोघरी आहे. माझे मत असे की हरवला आहे तो पाचवा पेला. पूर्वी पन्हे पातेल्यात होत असे, आणि पातेल्याचा अंदाज माणसे मोजून कधीच केलेला नसे. वरच्या मजल्यावरची काकू, घाम पुसत आलेला पोस्टमन, 'सहज' टपकलेले नात्यातले कुणी, यांतले कोणीतरी गृहीत धरलेले असे. ते आले की पातेल्यात ओगराळे बुडे आणि "आधी घाम सुकू दे, मग पी" असे दटावून पेला हातात येई. हे दटावणे हा त्या पेयाचाच एक जिन्नस होता. हल्ली येणारा माणूस आधी फोन करतो, खाली पहारेकऱ्याच्या वहीत सही करतो आणि वर येईस्तोवर मोजून बाटल्या काढून ठेवलेल्या असतात. मोजून काढलेल्यात जास्तीचे काही नसतेच. तहानेपेक्षा जास्त केलेले असावे, तेव्हाच ते सरबत.

आणि येणारा कुणी नाही असेही नाही. मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता पार्ल्याच्या कुठल्याही जिन्यावर उभे राहून पाहा. पाठीवर चौकोनी पेटी घेतलेली पोरे वर-खाली करत असतात. थंड बाटल्या दहा मिनिटांत पोचवायच्या म्हणून धावतात. बाटली गार असते, पोरगा तापलेला असतो. दार उघडते, बाटली आत जाते, दार बंद होते. संस्कृत साहित्यशास्त्रात उत्तम रसिकाला 'सहृदय' म्हणतात. तो नसेल तर काव्य फुकट. सरबताचा याहून मोठा सहृदय कुठून आणायचा? अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान द्यायची आपली रीत आहे, आणि चैत्रगौरीचे शेवटचे पन्हेही त्याच दिवशी होते. जुन्या माणसांना या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवाव्याशा वाटल्या, यात त्यांचा काही अंदाज असला पाहिजे.

आमच्या काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या नातीने दिलेल्या पन्ह्यात गूळ थोडा कमी असतो, वेलदोडा थोडा जास्त. पण यंदा एप्रिलमध्ये तिच्या दारात मी स्टीलचे एक पातेले, झाकणावर उपडे ठेवलेले पेले आणि पाणी पोचवणाऱ्या पोराला "थांब रे, घाम सुकू दे" म्हणताना तिला पाहिले. घराणे टिकले आहे. बाकीचे दोष पुढच्या आवृत्तीत दूर होतील.

परीक्षणाच्या शेवटी मुद्रणदोषांचा उल्लेख करायची प्रथा आहे. लिंबाच्या सरबतात प्रत्येक पेल्यात दोन-तीन बिया राहून जातात. प्रकाशकांनी गाळणे वापरावे. एरवी बांधणी सुबक, आकार हाताला बसेल असा, आणि किंमत आल्या माणसाला परवडेल अशी. संग्रही मात्र ठेवू नये. संध्याकाळपर्यंत आंबते.